ओळखीचा आवाज

"जरा थांबा हं, बघून सांगते," असं म्हणत कोरीन बॅस्कमनं पर्समध्ये हात घातला आणि तळाशी गेलेली लाकडी टोकनं ती चाचपू लागली. समोर तराजूत टोमॅटो होते, त्यांच्यावर दोन काळपट हिरव्या मिरच्या. टोमॅटोवालीचा हात तराजूच्या कडेवर होता, तो तिथंच राहिला. तिनं मान वर केली आणि कोरीनकडे नीट पाहिलं. "तुमचा आवाज मी कुठंतरी ऐकलाय," ती म्हणाली.

म्हणाली ती सहजच. त्यात संशय नव्हता, राग तर नव्हताच. शनिवारी सकाळी बाजारात माणसं एकमेकांना जे काही म्हणत असतात, त्यातलंच ते एक. पण कोरीननं मान आणखी खाली घातली. "नसेल," ती म्हणाली, आणि तो एवढासा शब्दही आपल्याच आवाजात निघाला म्हणून तिला जीभ चावावीशी वाटली. टोकनं हाताला लागली. ती तशीच मूठभर फळीवर ठेवून तिनं पिशवी उचलली आणि पाठ फिरवली. "अहो मिस, जास्त झाली ही!" मागून हाक आली. कोरीन थांबली नाही. वळता वळता तिची नजर फळीखाली रचलेल्या खोक्यांवर गेली होती. प्रत्येक खोक्यावर निळ्या रंगानं, हातानं लिहिलं होतं : रेंटेरिया.

मक्याच्या कणसांच्या ढिगापाशी मिस अर्लीन तिची वाट पाहत उभी होती. कोरीनच्या खालच्या मजल्यावर राहणारी, बहात्तर वर्षांची, पायानं अधू आणि तोंडानं तेज. तिनंच कोरीनला या बाजारात आणलं होतं. वर्षभर कोरीन सरकारकडून अन्नासाठी मिळणारं ते कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात जायची. यंत्राशी एकटीनं उभं राहून पैसे द्यायचे, कुणाशी बोलावं लागायचं नाही, हे तिला बरं वाटायचं. "तिथले टोमॅटो मेणाचे असतात, बाई," अर्लीन म्हणाली होती. "बाजाराच्या तोंडाशी तंबू आहे. तिथं कार्ड द्यायचं, ते टोकनं देतात. आणि फळं-भाजी घेणार म्हटलं की तेवढीच आणखी टोकनं फुकट. सरकार एकावर एक देतंय आणि तू मेण खातेस! डॉक्टरनं तुला पालेभाजी सांगितलीय ना? की इन्सुलिनच आवडतं तुला?" मग कोरीन आली होती. पहिल्या शनिवारी त्या तंबूपाशी उभं राहताना तिला वाटलं होतं की सगळा बाजार आपल्याकडे बघतोय. तंबूतल्या पोरगीनं हसून "नवीन आहात का?" असं विचारलं, तर तेसुद्धा कर्ण्यातून विचारल्यासारखं वाटलं होतं. पुढं ते विरलं. चार-पाच शनिवारांत तिला चार्ड नावाच्या पालेभाजीची लाल देठं, हातात धरल्यावर उबदार लागणारे पीच, मातीसकट मिळणारं बीट यांची सवय झाली. भीती बाळगायची ती कुणा ओळखीच्या चेहऱ्याची, एवढंच तिला वाटत होतं. आवाजाचा विचार तिनं कधी केलाच नव्हता.

"भूत पाहिलंस की काय?" अर्लीन म्हणाली.

"नाही. ऊन लागलं."

"टोलिडोत ऊन लागतं, हे नवीनच ऐकतेय."

बसमध्ये कोरीन खिडकीशी बसली. पूल आला, खाली मॉमी नदी चहासारखी तपकिरी वाहत होती. पिशवीतल्या टोमॅटोंचा वास येत होता, त्यांच्या देठांचा तो तिखट हिरवा वास. अर्लीन गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल काहीतरी सांगत होती. कोरीनच्या कानात मात्र एक मूल रडत होतं. तान्हं मूल, दम लागेपर्यंत रडणारं, मध्येच श्वास अडकून गप्प होणारं आणि पुन्हा सुरू करणारं. ते सात वर्षांपूर्वीचं रडणं होतं आणि तिला ते जसंच्या तसं ऐकू येत होतं.

कोरीननं अकरा वर्षं फोनवर काम केलं होतं. याच कार्डांच्या कामाचे फोन. कार्ड देणाऱ्या सरकारी ऑफिसचं फोन घेण्याचं काम एका कंत्राटदाराकडे होतं, आणि त्याच्याकडे शहराबाहेरच्या एका बैठ्या इमारतीत साठ बाया आणि सात-आठ पुरुष कानाला यंत्र लावून बसायचे. समोर पडदा, पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं. सात मिनिटं झाली की आकडे लाल व्हायचे. लाल आकड्यांचे फोन जास्त झाले की आठवड्याच्या शेवटी प्रेंटिस साहेब बोलवायचे. काय बोलायचं ते छापून दिलेलं असायचं. नमस्कार कसा करायचा, नाही कसं म्हणायचं आणि शेवटी "आणखी काही मदत करू शकते का?" हे विचारायचंच, समोरचं माणूस रडत असलं तरी. पण "जरा थांबा हं, बघून सांगते" हे छापलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं. तिची आई स्वयंपाकघरातून तसं ओरडायची. पडद्यावर फाइल उघडेपर्यंतच्या रिकाम्या सेकंदांत ते तिच्या तोंडून दिवसातून पन्नास वेळा जायचं. लोकांना ते आवडायचं, असा तिचा समज होता.

आणि त्या नोव्हेंबरातल्या दुपारी तिनं ते ओफेलिया रेंटेरियाला म्हटलं होतं. नाव लक्षात राहिलं ते बाईनं एकेक अक्षर दोन-दोनदा सांगितलं म्हणून. लोणच्याच्या कारखान्यासाठी काकड्या तोडायचं तिचं काम मोसमाबरोबर संपलं होतं. कार्ड बंद पडलं होतं, कारण पगाराचा कागद आलेला नाही असं पडद्यावर दिसत होतं. "मी पाठवलाय, मिस. लायब्ररीतून फॅक्स केलाय. पावती आहे माझ्याकडे." पावती असेल, पण पडद्यावर दिसत नाही. "मग मी काय करू?" नव्यानं अर्ज करा. "त्याला किती दिवस लागतात?" तीस दिवसांपर्यंत. मूल रडत होतं. बाईनं अगदी हळू, जणू शेजारी बसल्यासारखं विचारलं, "तुम्ही बाईच आहात ना? मग सांगा ना, आज हिला काय देऊ?" आकडे लाल झाले होते. कोरीननं छापलेलं वाक्य म्हटलं : "आणखी काही मदत करू शकते का?" आणि उत्तराची वाट न पाहता बटण दाबलं.

एवढंच असतं तर कदाचित ते विरून गेलं असतं. अशी बटणं तिनं रोजच दाबली होती. पण ती बाई चिवट निघाली. तिनं पुन्हा फोन लावला आणि या वेळी तो शेजारच्या टेबलावर ग्वेन टेटनं घेतला. ग्वेनला सात मिनिटांची फिकीर नव्हती. ती सूर्यफुलाच्या बिया चघळत बसायची, मोठ्यानं हसायची आणि महिन्यातून दोनदा प्रेंटिसच्या खोलीत जाऊन यायची. तिनं बाईचं सगळं ऐकून घेतलं आणि जेवणाच्या सुटीत, न जेवता, मिळतीजुळती नावं असलेल्या फाइली उघडून पाहिल्या. कागद सापडला. एका अक्षराचा फरक असलेल्या दुसऱ्याच माणसाच्या फाइलीत तो पडला होता. पण तोवर बाईचा फोन लागेना. संध्याकाळी ग्वेन आणि कोरीन गाडीत बसल्या; रोज ग्वेनच तिला घरी सोडायची. गाडी चालू करण्याआधी ग्वेननं स्वतःचा फोन काढला. "नंबर काय लिहिलाय बघ गं त्या चिठ्ठीवर." "थांब हं, बघून सांगते," कोरीन म्हणाली होती. फोन आधीच लागला होता, ग्वेननं दुपारी लावून पाहिलेलाच नंबर पुन्हा दाबला गेला होता, आणि पलीकडून ती बाई "हॅलो, हॅलो" करत होती. ग्वेन म्हणाली, "बाई, कागद सापडला. उद्या सकाळी कार्ड चालेल. झोपा आता." पलीकडून रडणं ऐकू आलं, या वेळी मोठ्या माणसाचं.

आपल्या फोनवरून अर्जदाराशी बोलायचं नाही, हा नियम भिंतीवर लावलेला होता. दहा दिवसांनी प्रेंटिसनं कोरीनला बोलावलं. कुणीतरी वाहनतळावर ऐकलं होतं. "तुम्ही गाडीत होतात?" "हो." "तिनं स्वतःच्या फोनवरून केला?" त्या आठवड्यात माणसं कमी करायची यादी होणार अशी कुजबुज होती. माझं लक्ष नव्हतं, असं म्हणता आलं असतं. गाडीत रेडिओ चालू होता, असं म्हणता आलं असतं. कोरीन म्हणाली, "हो," आणि प्रेंटिसनं पुढं केलेल्या जबानीच्या कागदावर सही केली. दुपारी ग्वेन आपला मग आणि बियांची पुडी घेऊन निघून गेली. जाताना तिनं कोरीनकडे पाहिलं की नाही, हे कोरीनला ठाऊक नव्हतं, कारण कोरीन पडद्याकडे पाहत होती. आपण खरं तेच सांगितलं, असं ती पुढं सात वर्षं स्वतःला सांगत आली. मध्यंतरी फोनची जागा यंत्रानं घेतली, साठच्या साठ बाया घरी गेल्या. कोरीनला कपडे धुण्याच्या दुकानात गल्ल्यावर अर्धवेळ काम मिळालं आणि एके दिवशी त्याच अर्जाचा कागद तिनं स्वतः भरला.

आठवडाभर ते टोमॅटो खिडकीत राहिले. ती रोज सकाळी त्यांच्याकडे पाहायची आणि पावाला लोणी लावून खायची. एक टोमॅटो तळाशी मऊ पडला, त्यातून पाणी आलं, बारीक चिलटं जमली. तिनं तो टाकला आणि खिडकी पुसली, मग हात धुतले, मग पुन्हा धुतले. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना ती आपला आवाज ऐकू लागली. "मंगळवारी तयार होतील" हे ती कसं म्हणते? ओळखू येईल का? रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ती हलकेच वेगवेगळ्या आवाजांत "टोमॅटो" म्हणून पाहायची, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू गेलं असेल या विचारानं गप्प व्हायची. त्या बाईला आठवलं तर ती काय करेल? ओरडेल का? माणसं जमतील का? अर्लीन ऐकेल. आणि ओरडली नाही तर? नुसतं बघत राहिली तर? ते अधिक वाईट, असं तिला वाटायचं.

पुढच्या शनिवारी ती येणार नव्हती. "डोकं दुखतंय," तिनं दारातूनच सांगितलं.

"डोकं घरी ठेव आणि पाय घेऊन चल," अर्लीन म्हणाली. "मला पिशव्या कोण उचलणार? आणि टोकनं वाया घालवायची म्हणजे पाप."

कोरीननं तोंडात खोकल्याची गोळी ठेवली, म्हणजे घसा बसलाय असं दाखवता येईल. रेंटेरियाचा गाळा उजव्या रांगेत होता, म्हणून ती अर्लीनला डाव्या रांगेनं घेऊन गेली. मधवाला, अंडीवाली, मग शेंगा विकणारं म्हातारं जोडपं. ती बोटानं दाखवत होती आणि मान हलवत होती. "मुकी झालीस का?" अर्लीन म्हणाली. तेवढ्यात मागून कुणीतरी धावत आलं. ओफेलिया रेंटेरिया होती. ॲप्रनवर मातीचे हात पुसलेले, हातात एक पाकीट.

"मिस! तुमची टोकनं. मागच्या खेपेला जास्त दिलीत. ठेवून दिली होती." तिनं पाकीट कोरीनच्या हातात कोंबलं आणि हात सोडलाच नाही. "आणि मला आठवलं. सांगू? मंगळवारी मिरच्यांना पाणी देत होते आणि एकदम आठवलं. तुम्ही त्या फोनवाल्या! ती कार्डाची भानगड झाली तेव्हा संध्याकाळी फोन केला होतात. मागे गाड्यांचा आवाज येत होता. 'थांब हं, बघून सांगते' असं म्हणालात तुम्ही, आणि मग म्हणालात, कागद सापडला. तुम्हीच ना?"

त्या क्षणी, ओफेलियाचा खरखरीत उबदार हात हातावर असताना, कोरीनला सगळ्यात आधी वाटला तो सुटकेचा आनंद. हे तिला पुढं फार दिवस टोचत राहिलं. लाज नंतर आली. ओफेलियाच्या डोक्यात दोन आवाज एक झालेत, हे कोरीनला कळलं. नाही, ती मी नव्हे, हे चार शब्द तिच्या तोंडात गोळीबरोबर घोळत होते. पण अर्लीन आधीच टाळी वाजवून ओरडली होती, "अगं ए! तू कधी बोलली नाहीस!"

"मी..." कोरीन म्हणाली.

"लाजतेय! बघा, लाजतेय ती. एका मजल्याचं अंतर आणि मला पत्ता नाही की माझ्या डोक्यावर संत राहतो."

"आम्ही थँक्सगिव्हिंगच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो," ओफेलिया अर्लीनला सांगत होती. "म्हणजे नाव कुठलं, नाव ठाऊकच नव्हतं. 'ती फोनवाली' असं म्हणतो. देवाला कळतं." मग ती कोरीनकडे वळली. "पुढच्या शनिवारी मी ईत्सेलला आणते. तीच हो, मागे रडत होती ती. सात वर्षांची झाली आता. तुम्हाला बघू दे तिला. याल ना? शब्द द्या." आणि कोरीननं मान डोलावली. टोमॅटो, मिरच्या, कोथिंबिरीची जुडी, एक भलंमोठं टरबूज, सगळं तिच्या पिशवीत आलं आणि टोकनं घ्यायला ओफेलियानं साफ नकार दिला.

मंगळवारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं. जिन्यात भेटणारी माणसं तिच्याकडे बघून वेगळं हसायला लागली. तळमजल्यावरचा म्हातारा मिस्टर स्झाबो, ज्यानं चार वर्षांत तिला कधी नमस्कार केला नव्हता, तो आपला अर्ज घेऊन वर आला आणि दारात उभा राहिला. "तुम्हाला यातलं कळतं म्हणे." तिनं त्याला बसवलं. अर्धा अर्ज भरून दिला आणि राहिलेले कागद घेऊन यायला सांगितलं. टरबूज टेबलावर तसंच होतं, कापलेलं नव्हतं. कापून खाल्लं तर आपण ते घेतलं असं होईल. पण घेतलं तर होतंच. ग्वेनच्या वाट्याचं ती खात होती. आधी ग्वेनची नोकरी, आता तिची प्रार्थनासुद्धा. असं मनात आलं की तिला घाम फुटायचा, आणि साखर उतरली असेल म्हणून ती बोट टोचून पाहायची. साखर चढलेली असायची. एखाद्या लहान गोष्टीनं माणसाला इतकं का लागावं? तिनं कुणाला मारलं नव्हतं. नियमाप्रमाणे एक फोन बंद केला होता, विचारल्यावर खरं सांगितलं होतं, आणि कुणीतरी चुकून कौतुक केलं तेव्हा गप्प बसली होती. एकेक सुटं करून पाहिलं तर त्यात काहीच नव्हतं. गेलंच नाही बाजारात तर? मूल वाट बघेल, मग टरबूज खात बसेल, विसरेल. कदाचित विसरणार नाही. थँक्सगिव्हिंग दरवर्षी येतं. शुक्रवारी दुपारी तिनं दुकानातल्या वाफेच्या इस्त्रीशेजारी उभं राहून ठरवलं की सांगायचं. शुक्रवारी संध्याकाळी ठरवलं की नाही सांगायचं. शनिवारी सकाळी बसमध्ये तिनं काहीच ठरवलेलं नव्हतं.

पोरगी फळीपलीकडे उलट्या खोक्यावर उभी होती. पुढचे दोन दात पडलेले, केसांत पिवळी क्लिप. कोरीनला पाहताच ओफेलियानं तिला ढोसलं, आणि तिनं पाठीमागे धरलेला कागद पुढं केला. त्यावर एक बाई काढली होती, कानाला फोन, आणि फोनमधून निघालेली दोरी लांबच लांब जाऊन एका पाळण्याला बांधलेली.

"हे तुमच्यासाठी आहे," पोरगी म्हणाली.

"ही मी नाही," कोरीन म्हणाली.

"केस चुकलेत थोडे," पोरगी म्हणाली. "मी तुम्हाला बघितलं नव्हतं ना."

अर्लीन हसली. ओफेलियाही हसली. कोरीनला कागद हातात घेववेना. "तसं नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला. "ओफेलिया, तुम्हाला दोन फोन झाले होते. दुपारी एक आणि संध्याकाळी एक. संध्याकाळचा माझा नव्हता. मी शेजारी बसले होते नुसती. माझा तो दुपारचा."

ओफेलियाच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथं थोडा वेळ विसरल्यासारखं राहिलं. मग तिनं मुलीकडे न बघता तिला सांगितलं, "ईत्सेल, जा, ट्रकमधून कागदी पिशव्या आण." पोरगी गेली. "फोन बंद केलात ती तुम्ही?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला काहीतरी."

"हो. हिला आज काय देऊ, असं."

"आठवतंय तुम्हाला!" ओफेलिया म्हणाली. हे तिला अधिकच लागल्यासारखं दिसलं. तिनं तराजूच्या ताटलीतली धूळ बोटानं पुसली. "त्या दिवशी मी शेजारणीकडे दूध मागायला गेले. बस, एवढंच झालं. कुणी मेलं नाही. शेजारीण चांगली होती, तिनं दिलं. पण मी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. अजून ती भेटली की मी आधी मान खाली घालते." मागे रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं. ओफेलियानं मान वर केली. "काय देऊ? लोक उभे आहेत."

"टोमॅटो," कोरीन म्हणाली. ओफेलियानं टोमॅटो मोजून तराजूत ठेवले, काटा पुढं गेला तेव्हा एक परत काढला, लहान ठेवला. टोकनं घेतली, तेवढीच घेतली. पिशवी पुढं करताना विचारलं, "ती कोण मग?"

"ग्वेन टेट."

"कुठं असते?"

"ठाऊक नाही."

"शेजारी बसायचात आणि ठाऊक नाही?" ओफेलियानं तो चित्राचा कागद दुमडून ॲप्रनच्या खिशात घातला. "शोधा. हे तिचं आहे."

बसमध्ये अर्लीन पूल येईपर्यंत पिशवीतली भाजी वरखाली करत राहिली. कोरीनला तिच्या प्रत्येक श्वासाचा अर्थ लावावासा वाटत होता. मग अर्लीन म्हणाली, "मी सगळ्या इमारतीला सांगून बसलेय."

"मला माहीत आहे."

"आता ते मी माघारी घेणार नाही. माझे गुडघे नाहीत तेवढे. तूच एकेकाच्या दारात जा." थोड्या वेळानं, खिडकीकडे बघत, "स्झाबोचा अर्ज मात्र पुरा करून दे. तो फाडायला निघेल."

जुन्या डायरीत ग्वेनचा नंबर होता. तो चालू असेल अशी कोरीनची अपेक्षा नव्हती, खरं म्हणजे तो बंद असावा अशीच तिची इच्छा होती. चौथ्या घंटीला कुणीतरी उचलला. "हॅलो," कोरीन म्हणाली. पलीकडे काही क्षण नुसता श्वास.

"कोरीन," ग्वेन म्हणाली. "बोल."

कोरीन बोलली. बाजार, टोमॅटो, पोरगी, चित्र. प्रेंटिसच्या खोलीपाशी आली तेव्हा अडखळली, पण तेही बोलली. ग्वेन मध्ये एकदाही बोलली नाही, कोरीनला दोनदा वाटलं की फोन बंद झाला. "ते मला तेव्हाच कळलं होतं," शेवटी ग्वेन म्हणाली. "गाडीत आपण दोघीच होतो. प्रेंटिसनं मला तुझी सही दाखवली." मग म्हणाली, "मी आता शाळेची बस चालवते. शनिवारी मोकळी असते. त्या बाईसाठी येईन."

ती आली. सात वर्षांत वाळली होती, केस आखूड कापले होते, चालण्यात तोच डौल होता. कोरीननं तंबूपाशी उभं राहून उजव्या रांगेकडे बोट दाखवलं. "तू येत नाहीस?" ग्वेननं विचारलं. कोरीननं नकारार्थी मान हलवली. फुलांच्या बादल्यांमागे उभी राहून ती पाहत राहिली. ग्वेन रांगेत उभी राहिली, इतर गिऱ्हाइकांसारखी. तिची पाळी आली. ती काहीतरी बोलली. ओफेलियानं हातातलं सगळं खाली ठेवलं आणि फळीला वळसा घालून बाहेर आली. पोरगी खोक्यावरून उतरली. रांगेतली माणसं जरा मागे सरकली. काय बोलणं झालं ते बाजाराच्या गलक्यात इथवर येत नव्हतं. सूर्यफुलांवर एक माशी घोंघावत होती. कोरीनच्या मानेतली शीर, जी तीन आठवडे ताठली होती, किंचित सैल झाली, आणि आता संपलं असं तिला वाटलं.

ग्वेन परत आली तेव्हा तिच्या एका हातात भरलेली पिशवी होती आणि दुसऱ्या हातात तो कागद. डोळे पुसलेले दिसत होते. ती कोरीनसमोर थांबली.

"प्रेंटिसना मी सांगायला नको होतं," कोरीन म्हणाली.

"त्यांनी विचारलं, तू सांगितलंस. त्याचं मला फार दिवस वाईट वाटलं, मग वाटेनासं झालं." ग्वेननं पिशवी खाली ठेवली. "दुसरंच एक आहे. काम गेल्यावर चार महिन्यांनी मी पण कार्डासाठी अर्ज केला. एक कागद राहिला होता. मी त्या लाइनवर फोन केला. पाऊण तास ते संगीत ऐकत बसले. आणि फोन उचलला तो तू."

कोरीनचं तोंड उघडलं.

"तू म्हणालीस, नाव सांगा. मला नाव सांगता आलं नाही, कोरीन. तू तीनदा हॅलो म्हणालीस. मी ठेवून दिला. पुन्हा कधी केला नाही. तो हिवाळा आईच्या पेन्शनवर काढला, तिच्या सोफ्यावर झोपून. तुला आठवतं?"

असे न बोलणारे फोन रोज यायचे. कधी पाच, कधी दहा. माणसं वाट पाहून थकायची, घाबरायची, मुलं बटणं दाबायची. तीनदा हॅलो म्हणायचं आणि बंद करायचं, असा नियम होता. ते मिनिट हिशेबात धरलं जात नसे. कोरीन त्या सगळ्या मुक्या फोनांमधून मागे मागे गेली. कुठल्या तरी एका गप्प बसण्यात ग्वेन होती, आणि कुठलीच शांतता दुसरीपेक्षा वेगळी नव्हती. आठवतं म्हणावं का? ग्वेन बघत होती. आठवतं म्हटलं तर तिला बरं वाटेल की वाईट, हेही कळेना.

"नाही," कोरीन म्हणाली. "तसे खूप यायचे. तशा वेळी मी..." ती थांबली. पण आता थांबून भागणार नव्हतं. "तशा वेळी मला बरं वाटायचं. तेवढ्यात मी कॉफी प्यायचे."

ग्वेननं कागदाची घडी अंगठ्यानं सपाट केली.

"गरम तरी असायची का?" ती म्हणाली.

"नाही."

ग्वेनच्या नाकातून एक आवाज निघाला. ते हसू होतं की काय, कोरीनला ठरवता आलं नाही. ग्वेननं पिशवी उचलली, कागद छातीशी धरला आणि गाड्यांच्या दिशेनं चालायला लागली. दहा पावलांवर ती थांबली, पण मागे वळली नाही, पिशवीचा हात बदलला आणि पुढं गेली.